संग आणि विद्यास्थान

विषयप्रवेश

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी दोन लक्षणे सामान्य वाचकाच्या दृष्टीतून सहसा निसटतात. एक, शांत व निवांत स्थळी राहण्याची आवड. आणि दुसरे, जनसमुदायाच्या गजबजाटाविषयी अरुची. अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा अशा थोर गुणांच्या पंक्तीत ही दोन लक्षणे बसलेली पाहून पुष्कळांना नवल वाटते. घोळक्यात न रमणे हा तर तरुण वयात दोष समजला जातो. अशा मुलाला लोक ‘एकलकोंडा’ म्हणतात आणि आईबापांनाही त्याची काळजी वाटू लागते.

या स्थळी श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात एक मोलाचा खुलासा केला आहे. ज्यांच्यावर संस्कार नाहीत, ज्यांना विनय नाही, अशा लोकांच्या मेळाव्याविषयीची अरुची येथे अभिप्रेत आहे. सुसंस्कृत व विनयशील माणसांच्या सभेविषयीची नव्हे, कारण तशी सभा ज्ञानाला उपकारकच असते. म्हणजे हे लक्षण माणसांपासून दूर पळण्याचे नसून माणसांतून निवड करण्याचे आहे. हा भेद ध्यानात ठेवला, तर आजच्या तरुणांपुढील एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर शोधता येते. तो प्रश्न असा : ज्या विद्यार्थ्याला मद्यपानाच्या मेजवान्या आणि रात्रभर चालणारा धांगडधिंगा मुळीच रुचत नाही, त्याने आपले महाविद्यालय कसे निवडावे?

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो अमेरिकेतील महाविद्यालयांच्या संदर्भात. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात त्या देशात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि परदेशांतून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांत त्या वर्षी भारताचा क्रमांक पहिला होता. यांत मराठी घरांतील मुले-मुली आहेतच. शिवाय तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढीही दरवर्षी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी राहते. यास्तव हा विषय दूरदेशीचा असला, तरी अनेक घरांतील जेवणाच्या ताटाशी येऊन बसलेला आहे.

१. अमेरिकेत महाविद्यालय म्हणजे काय?

आपल्याकडे महाविद्यालय निवडताना गुण, शुल्क, विद्याशाखा आणि घरापासूनचे अंतर एवढ्यांचा विचार केला की बहुधा काम भागते. विद्यार्थी दुपारी घरी परततो आणि रात्री आईच्या हातचे जेवतो. अमेरिकेतील निवासी महाविद्यालयांचे तसे नाही. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घर सोडून शेकडो मैल दूर जाते, एका अपरिचित सोबत्याबरोबर एका खोलीत राहू लागते, आणि आठवड्यातील वर्गाचे पंधरा-वीस तास सोडले तर उरलेला सारा काळ समवयस्कांच्या सहवासात घालवते. अर्थात तेथे महाविद्यालयाची निवड ही अध्यापकांच्या निवडीइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, शेजाऱ्यांची निवड असते.

निवडीचा कालक्रमही ठरलेला असतो. बांधिलकीचे आगाऊ अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात, सामान्य अर्ज जानेवारीच्या आरंभी, निकाल मार्चअखेरपर्यंत आणि आपला निर्णय कळविण्याची रूढ तारीख १ मे. म्हणजे एप्रिलचा एक महिना हाच खऱ्या विचाराचा काळ होय. त्या महिन्यात घरात चर्चा होते ती शुल्काची, कर्जाची आणि क्रमवारीची. ‘तेथे रात्री काय चालते?’ हा प्रश्न विचारण्याचा मुलांना संकोच वाटतो आणि आईबापांना तो सुचत नाही.

२. वस्तुस्थिती

या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबण्याचे कारण नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील हेन्री वेक्स्लर यांनी १९९३ साली १४० महाविद्यालयांतील १७,५९२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत सुमारे ४४ टक्के विद्यार्थी मागील दोन आठवड्यांत एका बैठकीत अतिरेकी मद्यपान केलेले आढळले. याच पाहणीमालेत असेही दिसून आले, की हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. बंधुमंडळांच्या घरांत राहणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. स्त्रियांच्या महाविद्यालयांत, ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांत आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांत ते कमी होते. स्थळ आणि संग यांनी आचरणात फरक पडतो, हे येथे आकड्यांनीच सांगितले.

कायद्याचा विचार करू गेल्यास १९८४ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर अमेरिकेतील सर्व राज्यांनी मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ वर्षे केले आहे. म्हणजे पहिल्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते कायद्याने निषिद्धच आहे. तथापि निषेध असूनही व्यवहार चालतो आणि तो बंद दारांआड चालतो. मद्यविषयक संशोधन करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १८ ते २४ वयाचे सुमारे दीड हजार महाविद्यालयीन विद्यार्थी दरवर्षी मद्याशी संबंधित अपघातांत प्राण गमावतात. पहिल्या वर्षाचे पहिले सहा आठवडे विशेष धोक्याचे असतात, असेही ती संस्था सांगते. कारण त्याच काळात नवागताला मित्र हवे असतात आणि मित्र मिळविण्याचा सर्वांत सोपा मार्ग हातात पेला घेण्याचा आहे, असे त्याला भासते.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक आश्वासक आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १८ ते २२ वयाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००२ साली २० टक्के होते, ते २०१८ साली २८ टक्क्यांवर गेले. म्हणजे चौघांत एकाहून अधिक. मद्य न घेणारा विद्यार्थी स्वतःला एकटा समजतो. वस्तुतः तो एकटा नसतो, विखुरलेला असतो.

हा भ्रम कसा निर्माण होतो, याचाही शोध लागला आहे. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या दोन अभ्यासकांनी १९८६ साली दाखवून दिले, की आपल्या सोबत्यांना मद्यपान जितके मान्य असते, त्याहून कितीतरी अधिक मान्य असल्याची विद्यार्थ्यांची समजूत असते. कारण उघड आहे. आरडाओरडा करणारे दहा जण सर्व इमारतीला ऐकू येतात. शांतपणे वाचत बसलेले तीस जण कोणालाच ऐकू येत नाहीत.

३. संगाचे सामर्थ्य

दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत पतनाची जी शिडी वर्णिली आहे, तिची पहिली पायरी ध्यान ही आहे. विषयाचे चिंतन घडते, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून वासना, वासनेतून क्रोध, तेथून मोह, स्मृतिभ्रंश आणि अखेरीस बुद्धीचा नाश. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की ध्यान कशाचे घडते? जे वारंवार डोळ्यांपुढे येते त्याचे. खोलीतील सोबती दर शुक्रवारी ज्याची तयारी करतो, शनिवारी ज्यात बुडतो आणि रविवारी ज्याच्या गोष्टी सांगतो, त्याचे ध्यान शेजारच्या पलंगावरील माणसाला इच्छेविरुद्धही घडते.

मायकेल क्रेमर आणि डॅन लेव्ही या अर्थशास्त्रज्ञांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. एका मोठ्या राज्य विद्यापीठात ज्यांना खोलीतील सोबती चिठ्ठी टाकून मिळाले, अशा विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी पाहिले. चिठ्ठीमुळे आवडीनिवडीचा प्रश्नच उरला नव्हता. महाविद्यालयात येण्यापूर्वीच मद्य घेऊ लागलेला सोबती ज्या मुलांच्या वाट्यास आला, त्यांचे सरासरी गुण चारांच्या मापावर सुमारे पाव अंकाने घटले. जे मुलगे स्वतः आधीपासून मद्य घेत होते त्यांची हानी अधिक झाली, आणि परिणाम दुसऱ्या वर्षीही टिकून राहिला. मुलींच्या बाबतीत असा परिणाम आढळला नाही. यावरून सर्वत्र सरसकट नियम काढणे योग्य होणार नाही. परंतु एका खोलीतील संगदेखील विद्येवर उमटतो, एवढे निश्चित होते.

४. अरुचीचे तीन प्रकार

निवडीस बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या अरुचीचे मूळ तपासले पाहिजे. बाहेरून सारखी दिसणारी ही अरुची तीन प्रकारची असते.

पहिली, प्रकृतीची अरुची. काहींना गोंगाट, प्रखर दिवे, गर्दी यांचाच शीण येतो. दोन मित्रांशी रात्री बारापर्यंत बोलण्यात त्यांना आनंद वाटतो. पन्नास जणांत दहा मिनिटे उभे राहणे नकोसे होते. अशा विद्यार्थ्याला मद्यबंदीपेक्षा शांततेची गरज अधिक असते. मद्यमुक्त पण सतत उत्सवी असलेले महाविद्यालयही त्याला मानवणार नाही.

दुसरी, निष्ठेची अरुची. धर्म, कुलाचार, आरोग्य किंवा घरातील एखाद्या व्यसनाचे पाहिलेले दुःख यांमुळे केलेला हा निश्चय असतो. असा विद्यार्थी माणसांत रमणारा, गाणारा, खेळणारा असू शकतो. त्याला एकांत नको असतो. त्याला मद्याविना चालणारी मैत्री हवी असते. याला उलट फार शांत महाविद्यालय जाचक होईल.

तिसरी, भीतीची अरुची. नवीन माणसांशी बोलण्याचे भय, नाकारले जाण्याचे भय, किंवा आपल्या स्वतःच्याच मोहाचे भय. येथे स्थळ बदलून भागत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात इंद्रिये आवरून मनाने मात्र विषयांतच घुटमळणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. मद्याची बाटली दिसू नये म्हणून दूर गेलेला, पण मनाने त्याच मेजवानीच्या खिडकीत डोकावणारा विद्यार्थी जेथे जाईल तेथे ती खिडकी बरोबर नेईल. अशाला स्थळ साहाय्य करील, परंतु त्याचे काम स्थळ करणार नाही. ते काम त्याने स्वतः, आणि आवश्यक तर वडीलधाऱ्यांच्या किंवा समुपदेशकाच्या मदतीने, करावयाचे आहे.

५. आक्षेप आणि समाधान

पहिला आक्षेप असा घेतला जातो, की मेजवान्या सर्वत्रच असतात. मग निवड ती कशाची करावयाची? आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. निष्कर्ष मात्र खोटा आहे. पाऊस सर्वत्र पडतो म्हणून कोकण आणि माणदेश एक होत नाहीत. प्रश्न मेजवान्या आहेत की नाहीत हा नसून, मेजवानीला न जाणाऱ्याला शनिवारी रात्री जाण्याजोगे दुसरे काही आहे की नाही, हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक तेजस्वी आहे. ज्याचे मन दृढ आहे त्याला स्थळाची चिंता कशाला? यावर सहावा अध्याय पाहावा. ध्यानयोग सांगताना भगवंतांनी प्रथम स्थळच सांगितले : शुद्ध जागा, स्थिर आसन, फार उंच नाही, फार सखल नाही. साधकालाही जागा निवडावी लागते, मग अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ती निवडली तर त्यात दुबळेपणा कसला? रोपाला कुंपण घालणारा शेतकरी रोपाचा अपमान करीत नाही. खोड जाड झाल्यावर कुंपण आपोआपच निरर्थक होते.

तिसरा आक्षेप घरातील मंडळींकडून येतो. एवढ्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला असता असल्या कारणासाठी तो सोडावा काय? याचे उत्तर एकच एक देता येत नाही. तथापि नाव मोठे असणे आणि त्या नावाखाली आपल्या मुलाचे चित्त ठिकाणावर राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाकी झालेला, झोप हरपलेला विद्यार्थी उत्तमातील उत्तम ग्रंथालयाशेजारी राहूनही त्याचा लाभ घेऊ शकत नाही. कर्ज काढून विद्या घ्यावयाची तर ती ज्या मनाने घ्यावयाची त्या मनाचाही हिशेब धरला पाहिजे.

६. विद्यास्थानांचे प्रकार

(अ) आचारसंहितेची महाविद्यालये. युटा राज्यातील प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण. तेथे विद्यार्थ्यांनी मद्य, तंबाखू, इतकेच नव्हे तर चहा-कॉफीही वर्ज्य करावयाची असते. ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’ या प्रकाशनाच्या वार्षिक यादीत मद्यविरहित विद्यालयांत त्याने वीस वर्षांहून अधिक काळ सलग पहिला क्रमांक राखला. परंतु ते एका ख्रिस्ती पंथाचे विद्यापीठ आहे. धर्मशिक्षणाचे पाठ आणि आचरणाविषयी धर्माधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र तेथील जीवनाचे अंग आहे. अन्य धर्माच्या विद्यार्थ्यासही प्रवेश मिळतो. पण त्याने केवळ मद्यबंदी पाहून जाऊ नये, संपूर्ण चौकट पाहून जावे. ज्या वचनावर स्वाक्षरी करावयाची ते सारे पाळता येईल काय, असा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.

(आ) श्रमाची विद्यालये. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यात १९१७ साली स्थापन झालेले डीप स्प्रिंग्ज हे दोन वर्षांचे महाविद्यालय पाहिले म्हणजे आपल्याकडील गुरुकुलाची आठवण होते. सुमारे २६ विद्यार्थी, शिक्षण विनाशुल्क, आणि आठवड्याला सुमारे वीस तास अंगमेहनत : गाई दोहणे, गुरे राखणे, गवत कापणे, स्वयंपाक. सत्र चालू असता मद्य वर्ज्य, आणि हा नियम विद्यार्थ्यांचा स्वतःच्याच राज्यकारभारातला. २०१८ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयही १८५५ पासूनचे. तेथेही शिक्षणशुल्क नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते. अशी स्थाने थोडी आणि प्रवेश दुर्घट. पण हाताला काम असले म्हणजे मेजवानीची भूक कमी होते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

(इ) बंधुमंडळे बंद केलेली महाविद्यालये. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे व भगिनीमंडळे अनेक ठिकाणी सामाजिक जीवनाचे केंद्र असतात. त्यांतील अनेकांची स्वतःची घरे असतात आणि मोठ्या मेजवान्या त्या घरांत होतात. विल्यम्स महाविद्यालयाने १९६२ पासून ती मोडीत काढण्यास आरंभ केला. कोल्बीने १९८४ साली, तर बोडोइनने १९९७ साली तसा निर्णय घेतला. यामुळे मद्यपान नाहीसे झाले असे नव्हे. परंतु सभासद आणि बिगरसभासद अशी फाळणी गेली, आणि सर्वांसाठी खुले असे कार्यक्रम वाढण्यास वाव मिळाला.

(ई) अभ्यासासाठी ख्यात असलेली विद्यालये. येथे अभ्यासाचाच भार इतका असतो की रात्र त्यात जाते, असा समज आहे. तो बव्हंशी खरा असला, तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नये. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेसारख्या विख्यात ठिकाणी १९९७ साली बंधुमंडळाच्या घरी अतिमद्यपानाने पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी मृत्यू पावला. त्यानंतर २००२ पासून त्या संस्थेने पहिल्या वर्षाच्या सर्वांना संस्थेच्याच वसतिगृहात राहणे बंधनकारक केले. बुद्धिमत्ता ही संयमाची हमी नव्हे.

(उ) विशाल विद्यापीठे. येथे एक साधा हिशेब करावा. समजा, दोन हजारांच्या लहान महाविद्यालयात निम्मे विद्यार्थी मद्य घेत नाहीत : एक हजार सोबती झाले. चाळीस हजारांच्या विद्यापीठात केवळ २८ टक्के घेत नसले, तरी ते अकरा हजार दोनशे होतात. म्हणजे ‘मेजवान्यांचे विद्यापीठ’ म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या ठिकाणीही आपल्यासारखे संख्येने अधिक असू शकतात. फक्त ते शोधावे लागतात. लहान ठिकाणी मात्र प्रमाण महत्त्वाचे ठरते, कारण तेथे दुसरे जग नसते. मिशिगन विद्यापीठासारख्या मोठ्या ठिकाणी मद्यमुक्त निवासाची सोय मागता येते. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाने तर व्यसनातून सावरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९८८ सालीच स्वतंत्र निवास सुरू केला.

(ऊ) घरून शिकणे. न्यूयॉर्क नगर विद्यापीठासारख्या संस्थांत बहुसंख्य विद्यार्थी घरूनच ये-जा करतात. ज्यांचे घर जवळ आहे, त्यांनी हा मार्ग कमी प्रतीचा समजू नये. शुल्कात बचत होते आणि संग आपला आपण निवडता येतो. उणीव एवढीच, की वर्ग सुटताच सर्व पांगतात. मैत्रीसाठी मुद्दाम थांबावे लागते.

७. परीक्षेच्या कसोट्या

माहितीपत्रकातील हिरवळ आणि हसरे चेहरे सर्वत्र सारखेच असतात. यास्तव पुढील कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी कागदाची. बहुतेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एक सामायिक माहितीपत्र प्रसिद्ध करतात. त्यातील विद्यार्थिजीवनाच्या विभागात किती टक्के विद्यार्थी बंधुमंडळांत व भगिनीमंडळांत जातात आणि किती महाविद्यालयाच्या निवासात राहतात, हे आकडे दिलेले असतात. पाच टक्के आणि पन्नास टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी कसोटी कायद्याची. १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा-अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यात मद्यविषयक नियमभंगाचे मागील तीन वर्षांचे आकडे असतात. हे वाचताना एक सावधगिरी हवी. जेथे नियम काटेकोरपणे पाळवले जातात तेथेही आकडा मोठा दिसतो, आणि जेथे डोळेझाक होते तेथे तो लहान दिसतो. म्हणून आकडा पाहून थांबू नये. ‘असा प्रसंग घडला असता पुढे काय केले जाते?’ हे विचारावे.

तिसरी कसोटी निवासाची. मद्यमुक्त निवास आहे काय, इतकेच विचारून भागत नाही. तो मागणाऱ्या प्रत्येकास मिळतो काय? तेथे राहणाऱ्यांनी स्वेच्छेने लिहून दिलेले असते, की जागा उरली म्हणून कोणासही तेथे घातले जाते? दुसऱ्या वर्षीही ती सोय चालू राहते काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सोयीचे खरे स्वरूप कळते.

चौथी कसोटी डोळ्यांची. भेटीस जावयाचे तर मंगळवारी सकाळी जाऊ नये. शुक्रवारी जावे आणि शक्य तर रात्री विद्यार्थ्यांबरोबर राहावे. शनिवारी रात्री ग्रंथालयात, संगीतगृहात, खेळाच्या मैदानावर, स्वयंपाकघरात माणसे आहेत काय? रविवारी सकाळी वसतिगृहाच्या जिन्यांची व न्हाणीघरांची अवस्था काय आहे? ज्याला प्रत्यक्ष जाणे परवडत नाही, त्याने तेथील दोन-तीन विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवरून बोलावे. ‘येथे फार मेजवान्या होतात काय?’ असे विचारल्यास प्रत्येक जण ‘इतर ठिकाणांएवढ्याच’ असे उत्तर देईल. त्याऐवजी ‘गेल्या शनिवारी रात्री आपण काय केले?’ असे विचारावे. मनुष्य आपल्या मतांविषयी सावध असतो. आपल्या शनिवाराविषयी तो सहज खरे सांगून जातो.

क्रमवारीच्या याद्यांविषयी एवढेच सांगणे पुरे, की त्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नपत्रिकांवर आधारलेल्या असतात. त्यांचा उपयोग शंका घेण्यासाठी करावा, निर्णय करण्यासाठी नव्हे.

८. निवडीनंतरचे कर्तव्य

उत्तम स्थळ निवडले म्हणजे सर्व झाले असे नाही. वर सांगितलेले पहिले सहा आठवडे योजून घालवावे. पहिल्याच आठवड्यात निदान दोन मंडळांत नाव घालावे : एक आवडीचे, जसे गायन, गिर्यारोहण, नाटक, ग्रंथवाचन, आणि एक सेवेचे. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ रिकामी ठेवू नये, कारण रिकामी संध्याकाळ दुसऱ्या कोणाच्या तरी योजनेत ओढली जाते. नकार द्यावयाचा तो थोडक्यात व हसतमुखाने द्यावा. प्रवचन देऊ नये. ‘मी घेत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. कारणे सांगू लागले की वाद सुरू होतो.

येथेच एका सूक्ष्म दोषाची सूचना देणे आवश्यक आहे. वर्ज्य करणाऱ्याला आपल्या वर्ज्यतेचा अभिमान फार लवकर चढतो. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची जी यादी आहे, तीत दंभ, दर्प आणि अभिमान हे आरंभीच आले आहेत. शेजारचा विद्यार्थी मद्य घेतो म्हणून तो पतित, आणि आपण घेत नाही म्हणून आपण शुद्ध, असे मनात येऊ लागले तर पेल्याने केली नसती ती हानी अहंकार करील. शनिवारी रात्री जो जिन्यात बेशुद्ध पडला आहे त्याला कुशीवर वळवून, मदतीस माणसे बोलावून, शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसणारा कोणीतरी हवा असतो; आणि ते काम शुद्धीवर असलेल्या माणसालाच करता येते. अरुची मेजवानीविषयी असावी, माणसाविषयी नव्हे.

आनंदाचा त्यागही येथे अभिप्रेत नाही. अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे पण परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. जे आरंभी अमृतासारखे पण परिणामी विषासारखे ते राजस. आणि जे आरंभीही व अंतीही मोहातच ठेवते ते तामस. नव्या गावात मद्याविना मित्र जोडणे आरंभी कडूच लागते. पहिला महिना एकाकी जातो, घरच्या आठवणीने डोळे भरून येतात, आपली निवड चुकली असे वाटते. हा कडूपणा निवड चुकल्याची खूण नव्हे. सत्राअखेरीस जे दोन-तीन मित्र उरतात, ते शुद्धीवर असताना जोडलेले असतात, आणि म्हणूनच ते टिकतात.

तात्पर्य

संग मनुष्याला घडवितो. म्हणून संग निवडणे हा पलायनवाद नसून पुरुषार्थ आहे. परंतु निवड आंधळेपणाने करू नये. आधी आपली अरुची कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे. मग स्थळाचे कागद, कायदा, निवास आणि प्रत्यक्ष दर्शन या चार अंगांनी परीक्षण करावे. आणि स्थळ मिळाल्यावर तेथे आपला सत्संग आपण उभारावा. आईबापांनी माहिती द्यावी, प्रश्न विचारावेत, भीती मोकळेपणाने सांगावी. निर्णय मात्र विद्यार्थ्याचा असू द्यावा. सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनीही अर्जुनाला, याचा पूर्ण विचार करून तुला इच्छा होईल तसे कर, असेच सांगितले आहे. जो निर्णय मुलाने स्वतः विचार करून घेतला, तोच परगावच्या शनिवारी रात्री त्याच्या उपयोगी पडतो.

मननासाठी प्रश्न

१. तेराव्या अध्यायातील ‘जनसमुदायाविषयी अरुची’ आणि माणूसघाणेपणा यांत भेद कोणता?

२. अरुचीच्या तीन प्रकारांपैकी आपली अरुची कोणत्या प्रकारची आहे? तिच्यानुसार कोणते विद्यास्थान योग्य व कोणते अयोग्य ठरेल?

३. नियमभंगाचा मोठा आकडा हा शिथिलतेचा पुरावा केव्हा, आणि शिस्तीचा केव्हा?

४. लहान महाविद्यालयात प्रमाण आणि मोठ्या विद्यापीठात संख्या अधिक महत्त्वाची का ठरते?

५. मद्य वर्ज्य करणाऱ्याने कोणत्या अभिमानापासून सावध राहावे? अशा अभिमानाचा एक प्रसंग आठवून त्यावर आठ-दहा ओळी लिहाव्यात.